सहा व्हिला आणि एक न प्यायलेला गहवा

"काका, मी सातव्या महिन्यात खोके बांधत बसू का? तुम्ही नुसतं हो म्हणा. टेप आणून द्या, आत्ता बसते."

हे मेघा गायधनी बोलत नव्हती, ओरडत होती. दोह्याला लागून असलेल्या अल वक्र्यात, आमच्या कंपनीच्या कंपाउंडच्या गेटसमोर, भर दुपारी, एक हात कमरेवर आणि दुसरा गेटवर चिकटवलेल्या कागदावर. तिचा आवाज असा, की समोरच्या समुद्रातली मासेमारीची होडी जागच्या जागी वळली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. बायको म्हणते की होडी तशीही वळणारच होती, पण बायको तिथे नव्हती.

"मेघा, आधी सावलीत चल."

"सावली कुणाच्या मालकीची आहे ते विचारून येते मग."

तिची आठ वर्षांची इरा दारात उभी होती. ती मला हळूच म्हणाली, "परब अंकल, ममा इज लाइक धिस सिन्स मॉर्निंग." मी म्हटलं, "बाळा, तुझ्या आईचं बरोबर आहे." इरा म्हणाली, "आय नो."

कागद अरबीत होता, खाली इंग्रजी. सारांश असा, की या जमिनीचं भाडं अजून मिळालेलं नाही, महिनाअखेरच्या मुदतीतही न आल्यास येत्या एक तारखेपासून जमीन आणि तिच्यावर जे काही उभं आहे ते सगळं जमीनमालकाकडे परत जाईल, राहणाऱ्यांनी आपापली सोय पाहावी. एक तारखेला दहा दिवस होते. पुढच्या शुक्रवारी मेघाचं डोहाळजेवण होतं. नाशिकहून तिची आई हिरवी साडी घेऊन येऊन बसली होती आणि दोह्यातल्या चाळीस बायकांना आमंत्रणं गेली होती. डॉक्टरांनी विमानप्रवासाला सक्त मनाई केली होती. नवरा संदीप समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर दोन आठवड्यांसाठी. आणि त्या वर्षी दोह्यात रिकामं घर शोधणं म्हणजे वाळवंटात हरवलेली टाचणी शोधणं, तीही वाळवंट कुणीतरी आधीच भाड्याने घेतलेलं असताना.

आता धंदा समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी अठ्ठावीस वर्षं दोह्यात एका कंपनीत घरं सांभाळायचं काम केलं. घरं स्वतःची एकही नाही. परक्या माणसाला तिथे बहुतेक ठिकाणी जमीन विकत घेता येत नाही. मग कंपनी काय करते, एखाद्या कतारी माणसाची मोकळी जमीन लांब मुदतीच्या करारावर घेते, तिच्यावर स्वतःच्या खर्चाने व्हिला बांधते आणि तुमच्या-आमच्यासारख्यांना भाड्याने देते. भिंती कंपनीच्या, भिंतीखालची वाळू मालकाची. त्या वाळूचं वर्षाला एकदा भुईभाडं द्यायचं. ते वेळेवर गेलं की सगळे सुखी. ते चुकलं की वाळू उठते आणि भिंतींसकट निघून जाते.

भाडं थकलं म्हणजे कंपनीने बुडवलं असं तुम्हाला वाटेल. मलाही दुसऱ्याच्या बाबतीत तसंच वाटलं असतं. पण इथे उलटी गंगा. आपल्याकडे मालक भाड्यासाठी भाडेकरूच्या मागे धावतो. मी सात आठवडे भाड्याचा चेक घेऊन मालकाच्या मागे धावत होतो, आणि मालक सापडत नव्हता. तो चेक माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर राहून राहून इतका तापला होता, की त्यावर पापड सहज भाजला असता.

मालकाचं नाव सगळ्यांच्या तोंडी अबू नासर, म्हणजे नासरचा बाप. वय ऐंशीच्या घरात. करार जुना, माणसामाणसातला, त्यात स्वच्छ लिहिलेलं की भाडं मालकाच्या हातात द्यायचं. बँकेत नाही, टपालाने नाही, हातात. आमच्या ऑफिसात आधी एक जुना केरळी होता, तो दरवर्षी जाऊन देऊन यायचा. तो निवृत्त झाला आणि फाईल माझ्याकडे आली. मी फोन लावला की फोन उचलायचा नासर. "बाबा लंडनला आहेत. उपचार चाललेत." पुढच्या आठवड्यात, "अजून लंडनलाच." कुरिअरने चेक पाठवला तर तो तसाच परत. साहेबांनी, मिस्टर हानींनी, अकरा ईमेल केले. हानी हे त्यांचं खरं नाव, इजिप्तमध्ये त्याचा अर्थ आनंदी असा आहे म्हणे. आमच्या खात्याने त्यांचा मराठी अर्थच जास्त अनुभवला. प्रत्येक ईमेलनंतर ते खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, "परब, आपण लेखी कळवलंय." जणू कळवणं म्हणजे पोहोचणं.

नासरचा डाव न कळायला मी काही दुधखुळा नव्हतो. फुटबॉलचा वर्ल्ड कप तीन वर्षांवर आला होता. मेट्रो वक्र्यापर्यंत नुकतीच धावायला लागली होती, तिथलं नवं स्टेडियम होडीच्या शिडासारखं चमकत होतं, आणि ज्याच्याकडे चार भिंती होत्या तो स्वतःला सुलतान समजत होता. कंपन्या अख्खीच्या अख्खी कंपाउंडं दुप्पट-तिप्पट भाड्याने उचलत होत्या. भाडं बापाच्या हातात पडू द्यायचं नाही, मुदत टळू द्यायची आणि बांधलेल्या सहा व्हिला फुकटात पदरात पाडून घ्यायच्या. पोरगा हुशार होता. मी त्याच्या जागी असतो तर, देव माझं भलं करो, मलाही सुचलं असतं.

वकील म्हणाला, भांडता येईल. वर्षभर. तोवर गेटला कुलूप. मेघाचं बाळ काही वर्षभर थांबणार नव्हतं.

आणि एक गोष्ट इथे सांगतोच, कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहवत नाही. असे कागद त्या दोन-तीन वर्षांत मी स्वतः कितीतरी दारांवर चिकटवले होते. मुऐदरला एका व्हिलात जळगावचे पाटील राहायचे, ड्राफ्ट्समन, बायको, दोन मुली. मालकाला जागा हवी झाली आणि कागद घेऊन मी गेलो. पाटलांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "उन्हातून आलात, चहा घेऊन जा." मी चहा प्यायलो. महिन्याभरात बायको-मुली जळगावला, पाटील चौघांच्या खोलीत. मी नियमाप्रमाणे वागलो होतो. त्या चहाची चव मात्र अजून जिभेवर आहे, आणि चांगली नाही.

त्यामुळे मेघाला मी गेटवर म्हणालो, "खोके बांधू नकोस. मी बघतो."

"तुम्ही सात आठवडे बघताय, काका."

मी निघालो.

आता माझ्या आहाराविषयी दोन शब्द, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. चातुर्मास चालू होता. आमच्या घरी, अल मुंतझाच्या तिसऱ्या मजल्यावर, दरवर्षी आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी वाटाघाटी व्हायच्या. चार महिने मी काय सोडायचं? बायकोचं, सुलभाचं, म्हणणं, मासे. मी देवगडचा. मासे सोडले असते तर कार्तिकीपर्यंत घरात मी राहिलो असतो की माझा फोटो, सांगता येत नाही. शेवटी त्या वर्षी तह झाला तो असा, की मासे राहतील, चहा आणि कॉफी जातील. दोन्ही. घोटभरसुद्धा नाही. आणि चोरून प्यायची सोय नव्हती. दोह्यातल्या समस्त मराठी बायका एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर. मी ऑफिसात कपाकडे नुसतं बघितलं तरी कप रिकामा व्हायच्या आत सुलभाचा फोन यायचा.

तर माझे मासे शाबूत होते, म्हणून दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी वक्र्याच्या मासळीबाजारात होतो. चिंतेत असलो की मी मासे बघतो. बर्फावर हमूर, शेरी, सफी ओळीने पडलेले, आणि एक म्हातारा, पांढरा झगा, हातात काठी, सुरमईच्या कल्ल्यात बोट घालून बंगाली विक्रेत्याला मुंबईच्या हिंदीत सांगतोय, "ये कल का है. मेरे को उल्लू बनाता है? मैं तेरे बाप से मछली लेता था." विक्रेता हसत म्हणाला, "अबू नासर, अल्ला कसम, आज का है."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. फाईलमधल्या ओळखपत्राच्या झेरॉक्सवर मी सात आठवडे जे नाक बघत होतो, ते लंडनला उपचार घेणारं नाक माझ्यासमोर सुरमईचा वास घेत होतं.

मी पुढे झालो. सलाम केला, नाव सांगितलं, कंपनीचं नाव सांगितलं, आणि म्हणालो, "बाबा, मैं आपको दो महीने से ढूंढ रहा हूँ."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "किधर ढूंढा?"

"फोन पे. लंडन में."

"लंडन? लंडन में मछली अच्छा नहीं." मग सुरमई पिशवीत घालून घेतली. "किधर का है तू?"

"कोकण. मुंबईच्या खाली... बंबई के नीचे."

"बंबई मालूम है. छोटा था तब दो साल उधर था, चाचा के साथ. मस्जिद बंदर. एक भाटिया सेठ की पेढी के ऊपर कमरा." मी चेकचा विषय काढायला तोंड उघडलं तर काठी माझ्या पायाजवळ टेकली. "मछली बाजार में मछली का बात. काम का बात मजलिस में. आज असर की नमाज के बाद आ."

मजलिस म्हणजे घराची बैठक. प्रत्येक मोठ्या कतारी घराला रस्त्याकडे दार असलेली एक वेगळी खोली असते, भिंतींच्या कडेने गाद्या-लोड, आणि दार उघडं. गावातलं कुणीही यावं, बसावं, गहवा प्यावा, बोलावं. गहवा म्हणजे वेलचीची फिकट अरबी कॉफी, बिनदुधाची, बिनसाखरेची, अंगठ्याएवढ्या कपात. सांगायचा मुद्दा असा, की ते दार सात आठवडे माझ्यासाठी उघडं होतं. अकरा ईमेल गेले, पण चपला काढून आत जायचं आमच्या ऑफिसातल्या कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

असरनंतर, म्हणजे दुपार कलल्यावर, मी गेलो. डॅशबोर्डवरचा चेक इस्त्री केलेल्या शर्टाच्या खिशात. खोलीत पंधरा-वीस म्हातारे, सगळे पांढऱ्यात, मधोमध अबू नासर. मी रीतीप्रमाणे दाराजवळ बसू लागलो तर त्याने हाताने बोलावून आपल्या उजवीकडे बसवलं. डावीकडे एक चाळिशीचा तरतरीत गृहस्थ फोनमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने वर बघितलं, मला बघितलं, माझ्या शर्टातून डोकावणारा चेक बघितला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून लंडन भर्रकन उडून गेलं. हा नासर.

तब्येतीची चौकशी झाली. माझी, माझ्या मुलांची, माझ्या देशाची, पावसाची. मग गहवा वाटणारा मोइदू आला, केरळचा, केस पिकलेला. डाव्या हातात लांब चोचीची किटली, उजव्याने कप पुढे. पहिला मला.

मी कप घेतला. वेलचीचा वास नाकात गेला आणि त्याच क्षणी सुलभा डोळ्यांसमोर उभी राहिली. देव्हाऱ्यासकट. घोटभरसुद्धा नाही. परत द्यावा तर उद्धटपणा, हातात धरून ठेवावा तर मोइदू समोरून हलेना. म्हणून मी अत्यंत नम्रपणे, दोन्ही हातांनी, तो कप माझ्यासमोर जमिनीवर ठेवला.

खोलीतला आवाज बंद झाला. असा बंद, की एसीने श्वास रोखला. पंधरा-वीस म्हाताऱ्यांचे डोळे त्या अंगठ्याएवढ्या कपावर. कोपऱ्यात जपमाळ ओढणारा एक जण मण्यावर थांबला. मला वाटलं, सांडला की काय? नव्हता सांडला.

मोइदू माझ्या कानाशी वाकला. "साब, कप नीचे रखा? इतना बडा काम है?"

"म्हणजे?" मी मराठीतच विचारलं.

"पुराना रिवाज है. मेहमान कप जमीन पे रखे और पिये नहीं, मतलब बहुत बडी अर्जी लेके आया है. जब तक मालिक हाँ नहीं बोलता, नहीं पियेगा. मालिक ना बोले और मेहमान बिना पिये जाय, तो पूरे गाँव में बदनामी."

मी तीस सेकंद विचार केला. आयुष्यात मी इतका वेगाने विचार कधी केलेला नाही. तोंड उघडून सांगता आलं असतं, की बाबांनो, गैरसमज आहे, आमच्याकडे चार महिने काहीतरी सोडतात. पण मेघा डोळ्यांसमोर आली, तिचे खोके आले, आणि पाटलांचा चहा आला. मी गप्प बसलो. खोटं मी एक अक्षर बोललो नाही. फक्त खरं बोलायला उशीर केला.

अबू नासर सरळ बसला. आवाज एकदम मोठा आणि रीतीचा, अरबीत. तेवढं अरबी मला येत होतं. "तुझं काम झालं समज. गहवा पी."

"आधी काम सांगतो," मी म्हणालो, आणि चेक काढून दोन्ही हातांनी पुढे केला. "सहा व्हिलांच्या जमिनीचं भाडं. तुमच्या हातात द्यायचं असं करारात आहे. सात आठवडे हात सापडला नाही."

"यबा," नासर म्हणाला, म्हणजे बाबा, "मुदत संपत आलीय, वकिलाने सांगितलंय की..."

"मुदत संपली?"

"संपली नाही, पण एक तारखेला..."

"आज एक तारीख आहे?"

"नाही."

म्हाताऱ्याने चेक घेतला, सगळ्यांना दिसेल असा धरला आणि छातीच्या खिशात ठेवला. माझ्या सात आठवड्यांचं काम चार श्वासांत झालं. मला उठून नाचावंसं वाटलं.

"पी," अबू नासर म्हणाला.

मी कपाकडे बघितलं. कप माझ्याकडे बघत होता. गहव्यात आषाढ काय आणि कार्तिक काय, सगळं तरंगताना दिसलं. मी प्यायलो नाही.

आता तर जपमाळवाल्याने माळ खिशातच ठेवली. मोइदू पुटपुटला, "साब, और भी है?" नासरच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला. एसी अठरावर होता.

"और भी है?" अबू नासरने हिंदीत विचारलं.

आता काहीतरी म्हणणं भागच होतं. आणि तोंडातून आलं ते हेच, की "बाबा, उस घर में एक लडकी है, मेरी बेटी जैसी. सातवां महीना है. आदमी समुंदर में काम पे. गेट पे कागज देख के खाना नहीं खाया उसने." शेवटचं मी जोडलं. मेघाने आदल्या रात्री दोन पोळ्या खाल्ल्याचं तिच्या आईने मला फोनवर सांगितलं होतं. "आज भाडा ले लिया आपने. अगले साल फिर कोई कागज लगायेगा. बच्चा गोद में लेके किधर जायेगी?"

अबू नासरने नासरकडे बघितलं नाही. समोरच्या सगळ्यांकडे बघत, सावकाश, अरबीत म्हणाला की फुटबॉल येऊन जाईपर्यंत आणि त्यानंतर पुन्हा एक वर्ष या गेटला कुणी हात लावणार नाही, आणि भाडं आहे तेच राहील.

नासर उठला. "यबा, मी त्या कंपनीला शब्द..."

"पाहुण्याचा कप जमिनीवर आहे," म्हातारा म्हणाला. एवढंच. समोरच्या एका दाढीवाल्याने नासरला हाताने खाली बसायची खूण केली. नासर बसला. भर मजलिसमध्ये, वीस साक्षीदारांसमोर, बापाने शब्द दिला होता आणि पाहुणा अजून प्यायला नव्हता. अशा वेळी मुलगा जे करतो ते त्याने केलं. फोन खिशात ठेवला.

"अब पी."

आणि इथे माझी पंचाईत. मागण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मोइदू माझ्या कानात जवळजवळ रडत होता. "साब पी लो. अभी नहीं पिया तो लगेगा ऊँट मांग रहे हो." एका क्षणी खरंच वाटलं की सातव्या व्हिलासाठी जमीन मागावी. पण लोभाला मर्यादा असते, माझीसुद्धा. मी मनातल्या मनात सुलभाची आणि पांडुरंगाची, याच क्रमाने, क्षमा मागितली आणि कपाला हात घातला.

माझ्या हाताच्या आधी म्हाताऱ्याचा हात तिथे पोहोचला. त्याने कप उचलला, गहवा शेजारच्या भांड्यात ओतला, मोइदूला काहीतरी म्हणाला. मोइदूने पाणी आणलं. अबू नासरने त्याच कपात स्वतःच्या हाताने पाणी ओतलं आणि माझ्या हातात दिलं.

"पी."

मी प्यायलो. एका घोटात. खोलीने श्वास सोडला, जपमाळ पुन्हा बाहेर आली, खजुराचं ताट फिरलं. मला वाटलं, हाही रिवाजाचाच भाग असणार, काम फार मोठं असलं की शेवटी पाणी देत असतील. दाराशी चपला घालताना मी मोइदूला तसं म्हणालोही. तो म्हणाला, "साब, मैं चालीस साल से इधर गहवा पिलाता है. पानी वाला आज पहली बार देखा."

मला तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. मी थेट कंपाउंडवर गेलो. मेघा पायरीवर बसली होती, शेजारी तिची आई, आणि खरंच, एक खोका. तिने वाट बघितली नव्हती.

"काय झालं, काका?"

"खोका रिकामा कर. फुटबॉल होऊन जाऊ दे, वर अजून एक वर्ष. भाडं तेच."

मेघा रडायला लागली, आणि तिची आई मला म्हणाली, "तुम्ही आत या हो, चहा टाकते." मी म्हटलं, "वहिनी, आज कृपा करून नको."

शनिवारी नासरचाच ड्रायव्हर येऊन गेटवरचा कागद काढून गेला. चिकटपट्टीसुद्धा खरवडली. पुढच्या शुक्रवारी डोहाळजेवण झालं. चाळीस बायका बोलावल्या होत्या, माझ्या मोजणीने चारशे आल्या. पार्किंगची रांग स्टेडियमपर्यंत गेली होती, पहिली मॅच आहे समजून दोन पोलीस येऊन विचारून गेले. यात थोडं मीठ-मसाला असेल, पण पोलीस एक तरी होता. थंडीच्या तोंडावर मेघाला मुलगा झाला, आणि त्याच्या जन्माच्या कागदावर पत्ता लागला तो व्हिला नंबर चार, अल वक्रा.

मिस्टर हानींना मी सगळं साग्रसंगीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "परब, हे सगळं ईमेलवर टाक." सुलभाने ऐकलं, देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाली, नेमाचं फळ असं असतं. त्या दिवसापासून पुढच्या आषाढीची मला धास्ती बसली.

या धंद्यातल्या माझ्या पराक्रमांची यादी मोठी आहे. मुऐदरला एका व्हिलाच्या इतक्या खोल्या पाडल्या होत्या, की तपासणीला एका दारातून आत गेलेलो मी दोन तासांनी शेजारच्या व्हिलातून बाहेर आलो. अल मुंतझाला एका भाडेकरूची सही दर चेकवर वेगळी यायची. बँकेने विचारलं तर म्हणाला, माणूस बदलत असतो. पण कुणी विचारलं, की परब, अठ्ठावीस वर्षांत केलंत काय, तर मी त्या शुक्रवारचीच गोष्ट सांगतो. भरीला दर वेळी मजलिसमधले म्हातारे वाढवतो. सध्या ते साठ झालेत.

पुढची वर्षं भुईभाडं मीच नेऊन द्यायचो, हातात. जागतिक साथीच्या वर्षी तेवढं दारातून, मास्क लावून. मॅचेस सुरू व्हायच्या चार महिने आधी माझी नोकरी संपली. जग तिथे यायला तिकिटं शोधत होतं आणि मी तिथून निघायचं तिकीट काढत होतो. जायच्या आदल्या आठवड्यात अबू नासरचा निरोप घ्यायला गेलो. म्हातारा वाळला होता, पण काठी तीच आणि हिंदीही तीच. मजलिसमध्ये आम्ही दोघेच. मोइदूनेही गाव गाठलं होतं.

गोष्ट मनात टोचत होती. एवढ्या भल्या माणसाला मी फसवून शब्द घेतला, ही टोचणी तीन वर्षं होती. मी म्हणालो, "बाबा, एक बात बोलनी है. उस दिन मैंने कप नीचे रखा, वो अर्जी के लिए नहीं. मेरे को तुम्हारा रिवाज मालूम ही नहीं था. हम लोगों में बारिश के चार महीने आदमी एक चीज छोड देता है. मैंने चाय-कॉफी छोडी थी. बस इतनाच था. और मैं चुप बैठ गया. माफ करना."

अबू नासरने खजुराची बी काढून बशीत ठेवली.

"मेरे को मालूम था," तो म्हणाला. "मस्जिद बंदर का सेठ भी बारिश में चाय छोडता था. मेरे लडके को नहीं मालूम था."